घरी कोण होतं?

८ मे, रात्री अकरा

आज निसर्गावरच्या मालिकांचे ब्रिटिश निवेदक डेव्हिड ॲटनबरो यांचा जन्मदिवस. १९२६ साली लंडनच्या पश्चिमेला आयझलवर्थ येथे त्यांचा जन्म झाला. दरवर्षी या तारखेला मी त्यांच्या जुन्या मालिकांमधला एखादा भाग पुन्हा पाहते. आज रवांडाच्या डोंगरातल्या गोरिलांचा भाग लावला होता आणि आई शेजारी येऊन बसली होती. तिला इंग्रजी फारसे कळत नाही, तरी गोरिलाची पिल्ले त्या माणसाच्या अंगावर रेलली तेव्हा ती खुर्चीत पुढे सरकली. भाग संपल्यावर तिने एवढेच विचारले, "हा एवढा जगभर फिरला, तर ह्याच्या घरी कोण होतं गो?"

माझे बाबा व्यापारी जहाजावर होते. वर्षातले आठ-नऊ महिने रत्नागिरीच्या आमच्या घरात आई, आजी-आजोबा आणि आम्ही भावंडे एवढीच माणसे असायची, तेव्हा आईला हा प्रश्न पडणे साहजिक होते. मी मात्र या माणसाविषयी एवढे वाचूनही तो कधी स्वतःला विचारला नव्हता, याचे मला मनापासून वाईट वाटले. म्हणून आज त्यांची सगळी हकिगत तिच्या प्रश्नाच्या बाजूने लिहून ठेवते आहे.

घरी जेन होती. जेन ओरिएल ही वेल्समधली मुलगी. दोघांचे लग्न १९५० साली झाले आणि पुढे रॉबर्ट व सुसान ही दोन मुले झाली. डेव्हिड यांचे बालपण लेस्टरच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या आवारात गेले होते, कारण वडील तिथे प्राचार्य होते. प्राणिशास्त्र विभागाला न्यूट (सरड्यासारखे दिसणारे छोटे उभयचर) हवेत असे कळताच या मुलाने ते नगाला तीन पेन्स या दराने पुरवले, आणि ज्या तळ्यातून तो ते पकडत होता ते त्याच विभागाला लागून होते. केंब्रिजमधल्या शिक्षणानंतर, जग पाहायला मिळेल या आशेने ते नौदलातल्या सक्तीच्या सेवेवर गेले आणि दोन वर्षे वेल्स व स्कॉटलंडच्या किनाऱ्यापलीकडे जाऊ शकले नाहीत. हे आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "बंदरात अडकलेला खलाशी फार वाईट असतो." बाबांना तिने तसे पाहिलेले आहे.

१९५० मध्ये बीबीसीच्या रेडिओवर नोकरीसाठी केलेला त्यांचा अर्ज नाकारला गेला; तोच अर्ज दूरचित्रवाणीच्या मेरी ॲडम्स यांच्या नजरेस पडला आणि त्यांनी या तरुणाला प्रशिक्षणासाठी बोलावले. तोवर त्याने आयुष्यात दूरचित्रवाणीचा एकच कार्यक्रम पाहिला होता. कॅमेऱ्यासमोर त्याला उभे करू नये, दात फार मोठे आहेत, असेही ॲडम्सबाईंचे मत होते. १९५४ च्या डिसेंबरात 'झू क्वेस्ट' सुरू झाली तेव्हा लंडनच्या प्राणिसंग्रहालयातले जॅक लेस्टर हे निवेदक होते आणि ॲटनबरो पडद्यामागचे निर्माते. लेस्टर पहिल्याच कार्यक्रमानंतर आजारी पडले आणि थेट प्रक्षेपणाच्या त्या काळात दुसरे कोणी हाताशी नसल्यामुळे निर्मात्यालाच कॅमेऱ्यासमोर उभे राहावे लागले. लेस्टर पुढे दोनच वर्षांत वारले. एका माणसाची कारकीर्द दुसऱ्याच्या दुखण्यातून सुरू झाली, ही गोष्ट वाचताना मी दरवेळी थांबते.

सिएरा लिओनच्या त्या पहिल्या मोहिमेनंतर काही महिन्यांची एकेक मोहीम सुरू झाली: गयाना, कोमोडोचे अजस्र सरडे, न्यू गिनी. मोहिमेहून परतताना प्राणी बरोबर येत, आणि त्यांतले काही लंडनमधल्या रिचमंडच्या राहत्या घरीही राहत. घरात बुशबेबी होते, लेमर होते (दोन्ही माकडांचे लहानखुरे भाऊबंद), आणि घरधनी पुन्हा बाहेर पडला की त्यांचे खाणेपिणे, आजारपण आणि शिवाय दोन लहान मुले, हे सारे जेनकडे. आमच्या घरी बाबा सिंगापूरहून एकदा पोपट घेऊन आले होते. त्याचे पुढचे अकरा वर्षे आईनेच केले. म्हणून जेनची त्या काळातली सकाळ मला डोळ्यांसमोर आणता येते.

१९६५ साली ते 'बीबीसी टू' या वाहिनीचे नियंत्रक झाले. अधूनमधून स्वतः कार्यक्रम करायला मिळावेत, एवढी अट त्यांनी घातली होती. १ जुलै १९६७ रोजी विम्बल्डनच्या सामन्यांपासून ब्रिटनमध्ये रंगीत प्रक्षेपण सुरू झाले ते त्यांच्याच देखरेखीखाली. रंगीत चेंडूंचा खेळ रंगीत पडद्यावर लोकांना कळेल, या हिशेबाने त्यांनी स्नूकरलाही जागा दिली. पुढे ते दोन्ही वाहिन्यांच्या कार्यक्रमांचे संचालक झाले. या सगळ्या वर्षांत मुले शाळेत आणि मग महाविद्यालयात होती, आणि बाप लंडनमध्ये कचेरीत होता. त्यांच्या चरित्रात या काळाचे वर्णन अधिकाराच्या अंगानेच होते. आज मला वाटते की त्या घरापुरता तो बाप गावात असण्याचा काळ होता.

बीबीसीच्या सर्वोच्च पदासाठी त्यांचे नाव घेतले जाऊ लागले तेव्हा त्यांनी थोरले भाऊ रिचर्ड यांना फोन करून आपल्याला त्या कामाची ओढ नाही असे सांगितले आणि लवकरच राजीनामा दिला. (हेच ते रिचर्ड, ज्यांच्या १९८२ च्या 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैय्या यांना भारताचे पहिले ऑस्कर मिळाले.) खुर्ची सोडून पुन्हा चिखलात उतरण्याचा तो निर्णय मला त्यांच्या साऱ्या पुरस्कारांपेक्षा मोठा वाटतो. तो त्यांनी घेतला नसता तर १९७९ ची तेरा भागांची 'लाइफ ऑन अर्थ' त्यांच्या आवाजात झालीच नसती. पण तोच निर्णय म्हणजे जेनसाठी पुन्हा बंद झालेले दार आणि परदेशातून येणारी पत्रे, हे आज प्रथमच जाणवले.

गोरिलांचे ते चित्रीकरण १९७८ च्या जानेवारीतले. तिथे गोरिलांचा अभ्यास करणाऱ्या डायन फॉसी यांचा लाडका गोरिला डिजिट शिकाऱ्यांनी नुकताच मारला होता आणि त्या दुःखात असूनही त्यांनी या चमूला आपल्या डोंगरावर येऊ दिले. ॲटनबरो यांना अंगठ्याच्या उपयोगाविषयी चार वाक्ये बोलायची होती. पिल्ले त्यांच्या बुटांशी खेळू लागली आणि त्यांनी ठरवलेले सारे सोडून दिले. हलक्या आवाजात ते एवढेच सांगत राहिले की गोरिलाशी नजरानजर होताना जितका अर्थ आणि जितकी परस्परांची जाण असते तितकी दुसऱ्या कोणत्याही प्राण्याशी होताना आपल्याला आढळत नाही. बोलायचे ठरवून गेलेल्या माणसाने असे गप्प होणे दूरचित्रवाणीवर दुर्मीळ आहे, आणि मला ते शिकावेसे वाटते.

१९९७ च्या फेब्रुवारीत पक्ष्यांवरच्या मालिकेसाठी ते न्यूझीलंडमध्ये होते. जेन मेंदूतल्या रक्तस्रावाने कोसळल्याचा निरोप तिथे पोचला. पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाहून ते परतले तेव्हा ती बेशुद्ध होती. डॉक्टरांनी त्यांना तिचा हात हातात घ्यायला सांगितले, आणि तिने तो दाबला. लग्नाला सुमारे सत्तेचाळीस वर्षे झाली होती. आपल्या आयुष्याचा नांगरच गेला, अशा अर्थाचे त्यांनी पुढे लिहिले आहे. ती मालिका त्यांनी पूर्ण केली आणि १९९८ मध्ये ती प्रसारित झाली. रिचमंडचे ते घर मात्र त्यांनी सोडले नाही, आणि मुख्याध्यापिका राहिलेली सुसान त्यांच्या कामात मदतीला आली.

आईला मी हे सगळे सांगितले तेव्हा अंथरूण घातलेले होते. आजोबा गेल्याची तार बाबांना कुठल्याशा बंदरावर नवव्या दिवशी मिळाली होती, हे तिने या घरात फार कमी वेळा बोलून दाखवले आहे. आजही ती त्याविषयी काही बोलली नाही. दिवा मालवताना तिने विचारले, "पण तो पोचला ना तिच्याजवळ?"

मी म्हणाले, "पोचला."