काकूंची डेडलिफ्ट ६० वर, आणि शिलाई खात्यातली पट्टी

मंडळी, आमच्या गॅरेजमधल्या जिममध्ये मी ज्यांना शिकवते त्या काकूंनी आज पहाटे डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरचा बार उभं राहीपर्यंत उचलायच्या व्यायामात, ६० किलो उचलले. जमिनीवरून, बेल्ट न लावता, बार नडगीला चिकटून. मागच्या अपडेटमध्ये ५० वर गाडी अडली होती आणि मी डीलोड (काही दिवस वजन कमी करून शरीराला उसंत) द्यायच्या विचारात होते, हे तुम्हाला आठवत असेल. डीलोड लागलाच नाही.

व्हिडिओत दर वेळी एकच गोष्ट दिसायची. ४५ पर्यंत रेप, म्हणजे एकेक उचल, सुरेख. ५० लावले की जमिनीवरून सुटतानाच बार चार-पाच सेंटीमीटर पुढे सरकायचा, मग कंबर आधी वर जायची आणि छाती मागून. ५० किलोचा बार ५ सेंटीमीटर पुढे गेला तर कंबरेच्या सांध्यावर जवळपास २५ न्यूटन-मीटर जादा मोमेंट (पुढे वाकवणारा जोर) येतो. प्लेट तेवढीच, पण पाठीला वजन वाढल्यासारखंच. ताकद कमी पडत होती असंही म्हणता येईना, कारण रॅकवर गुडघ्याच्या उंचीवरून त्या ६५ सहज उचलत होत्या. घोळ होता तो जमिनीपासूनच्या पहिल्या वीतभर अंतरात.

थोडा वाटा प्लेट्सचाही निघाला. पुरवठादाराने ४५० मिलिमीटर म्हणून पाठवलेल्या रबरी प्लेट्स टेपने मोजल्या तर ४२० भरल्या. म्हणजे बार दीड सेंटीमीटर खाली. काकूंच्या उंचीला आणि त्यांच्या आखडलेल्या मांड्यांना दीड सेंटीमीटर पुष्कळ होतं. खाली प्लायवूडच्या पट्ट्या सरकवल्या, थोडा फरक पडला. (प्लेट घेताना व्यास मोजल्याशिवाय पैसे देऊ नका, हे मी यापुढे प्रत्येकाला सांगणार आहे.) बूट काढून झाले, स्टान्स (पाय ठेवायची पद्धत) बदलून झाला, मध्येच थांबून उचलायची पॉज डेडलिफ्ट झाली. क्यूही, म्हणजे तोंडी सूचना, सगळे देऊन झाले: छाती वर, लॅट (काखेखालचे पाठीचे स्नायू) आवळा, कंबर खाली. एक सुधारलं की दुसरं बिघडायचं. शेवटी शेवटी तर रेप संपला की काकू बार सोडायच्या आधी माझ्या तोंडाकडे बघायच्या. "ताई, आता काय राहिलं?"

ती नजर मी ओळखते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमच्या टॉवेलच्या कारखान्यात, शिलाई खात्यात, नवीन मुलगी कड दुमडून शिवते आणि प्रत्येक नग चेकरसमोर धरून उभी राहते. चेकर जवळ असेपर्यंत शिवण सरळ. ती चहाला गेली की कड पुन्हा नागमोडी. मुलगी हुशार असते, हातही चांगला असतो, पण बरोबर-चूक ठरवायचं काम तिने दुसऱ्याच्या डोळ्यांवर सोपवलेलं असतं.

यावर वाचायला भरपूर आहे. विनस्टीन आणि श्मिट यांच्या १९९० च्या प्रयोगांत ज्यांना निम्म्याच प्रयत्नांनंतर निकाल सांगितला, ते लोक नंतरच्या चाचणीत, जिथे कुणीच काही सांगत नाही तिथे, सरस ठरले. क्लुगर आणि डेनिसी यांनी १९९६ मध्ये फीडबॅकवरचे शेकडो निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरी फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी फीडबॅकमुळे काम उलट घसरलं होतं. आणि गाब्रिएले वुल्फ यांचा १९९८ चा अभ्यास तर आपल्यासाठीच आहे असं मला वाटतं. स्की सिम्युलेटरवर ज्यांना स्वतःच्या पायाकडे लक्ष द्यायला सांगितलं, त्यांच्यापेक्षा पायाखालच्या चाकांकडे लक्ष देणारे चांगले शिकले. लक्ष शरीराबाहेरच्या वस्तूवर गेलं की शरीर आपलं आपण जुळवून घेतं.

म्हणून काकूंना शरीराबद्दल काही सांगणंच थांबवलं. बारच्या मधल्या भागाला खडू चोळला आणि त्यांना काळी लेगिंग घालून यायला सांगितलं. सूचना एकच: बारने पायावर रेघ ओढायची. रेप झाला की त्यांनी खाली बघायचं. पहिल्या सेटला रेघ नडगीच्या खालच्या टोकाला जेमतेम उमटली, मग गुडघ्यापर्यंत काहीच नाही, आणि थेट मांडीवर पांढरा फराटा. काकूंनी बोटाने ती मोकळी जागा दाखवली आणि म्हणाल्या, "इथं सुटतोय होय!" मी गप्प. माझा नियम असा की सलग दोन रेपना रेघ तुटली तरच बोलायचं. तशी वेळ फारशी आली नाही. त्या आठवड्यात ५० ला रेघ अखंड झाली, मग ५५ झाले, आज ६०. आजची रेघ घोट्याच्या वरपासून मांडीच्या मध्यापर्यंत सलग होती. काकूंनी ती झटकू दिली नाही, तशाच घरी गेल्या.

खडू मात्र मॅग्नेशियम कार्बोनेटचाच घ्या, शाळेतला फळ्याचा नको. त्याने हात घसरतो.

हेच शिलाई खात्यात लावलं. मशीनच्या पाट्यावर सुईपासून कडेच्या मापावर रंगीत चिकटपट्टी लावली. कड पट्टीला लागून चालली की शिवण बरोबर, हे मुलीला स्वतःला दिसतं. चेकरने नगामागे नग बघायचा नाही, गठ्ठा पूर्ण झाल्यावर मर्यादेबाहेरचे तेवढेच काढून दाखवायचे. आता ती मुलगी खराब नग आपणच बाजूला ठेवते. चेकरला सुरुवातीला हे पटलं नव्हतं. गप्प बसणं म्हणजे दुर्लक्ष, असं तिला वाटायचं. मला वाटतं, जिममधल्या बऱ्याच ट्रेनरांनाही तसंच वाटतं, म्हणून ते सेटभर ओरडत राहतात.

एका जागी दोन्ही कामं वेगळी पडतात आणि त्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. काकूंचा रेप फसला तर त्यांचं काही बुडत नाही. नगावर मजुरी घेणारीचा नग फसला तर तिचे पैसे जातात. स्वतः चुकून शिकायचं तर शिकण्याचे दिवस रोजंदारीवर हवेत. मालकांकडे हा विषय मी मांडला आहे, विचार करतो म्हणाले. मी पाठ सोडणार नाही.

पुढचा बेत ६५ चा होता, पण लिहिता लिहिता बदलतेय. एप्रिलचं ऊन सुरू झालंय, जुळे सोलापुरातलं आमचं गॅरेज सकाळी सातलाच तापतं. तेव्हा महिनाभर ६० वरच राहू, आरपीई, म्हणजे दहापैकी किती जोर लागला याचा स्वतःचा अंदाज, ८ च्या पुढे जायचं नाही. आरपीईचं मूळ असलेली, किती दमायला झालं ते आकड्यात सांगायची बोर्ग या शास्त्रज्ञाची पट्टी शिलाई खात्यातही दुपारच्या पाळीला विचारून बघावी, असंही डोक्यात आलंय. कुणाचा आकडा रोज चढतोय ते कळलं तर पंखा आणि सुट्टी कुठे आधी द्यायची ते ठरवता येईल. आणि नव्या येणाऱ्या दोघींना पहिले धडे काकूच देणार, हे आजच ठरलं. अर्ध्या किलोच्या चकत्या लेथवाल्याकडे टाकल्या आहेत, त्या आल्या की फोटो टाकते.

एक विचारायचं होतं. त्या दोघी सलवारीत येणार आहेत. जाड सुती कापडावर खडूची रेघ नीट उमटते का, कुणी करून पाहिलंय?