तुम्ही विचारलंत म्हणून : मारले कोणी, मारवले कोणी

मी पुण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते, आणि तरीही गेल्या सहा-सात वर्षांत मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एका जपानी चित्रकथेबद्दलचा आहे. तास संपल्यावर दोन-तीन मुले टेबलापाशी रेंगाळतात आणि त्यांतले एखादे धीर करून विचारते, ‘मॅडम, लाइट मुळातच तसा होता, की वहीने त्याला तसा केला?’ महिन्यातून एका रविवारी नारायण पेठेतल्या मैत्रिणीच्या गच्चीवर आम्ही काही जण ‘डेथ नोट’चे खंड घेऊन बसतो, हे मुलांच्या कानावर गेलेले असते. दोन तासांमधल्या पाच मिनिटांत या प्रश्नाचे धड उत्तर देता येत नाही, आणि अर्धवट उत्तर दिले तर मुले तोच निकाल समजून घेऊन जातात. म्हणून आज सविस्तर लिहिते आहे. कथेचा शेवटही यात येईल, हे आधीच सांगून ठेवते.

ज्यांनी ही कथा वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. त्सुगुमी ओबा यांनी लिहिलेली आणि ताकेशी ओबाता यांनी चितारलेली ही मालिका डिसेंबर 2003 ते मे 2006 या काळात जपानमधल्या एका साप्ताहिकात क्रमशः आली. तिची 108 प्रकरणे 12 खंडांत आहेत. ऱ्यूक नावाचा शिनिगामी, म्हणजे मृत्युदेव, केवळ कंटाळा आला म्हणून आपल्याजवळची एक वही मुद्दाम माणसांच्या जगात टाकतो. चेहरा डोळ्यांसमोर आणून तिच्यात ज्याचे नाव लिहावे तो माणूस मरतो. कारण लिहिले नाही, तर 40 सेकंदांत हृदय बंद पडून मरतो. ही वही लाइट यागामी या अत्यंत हुशार शाळकरी मुलाला सापडते. तो गुन्हेगारांची नावे लिहू लागतो, लोक त्या अज्ञात शक्तीला ‘किरा’ म्हणू लागतात, आणि एल नावाचा गुप्तहेर किराच्या मागावर निघतो.

मी ही कथा पहिल्यांदा वाचली तेव्हा पूर्णपणे लाइटच्या बाजूची होते, आणि ते का, हे सांगितल्याशिवाय पुढचे काहीही सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना माझे मामा सिंहगड रस्त्यावर एका भरधाव जीपखाली सापडून गेले. खटला नऊ वर्षे चालला. तारखांवर तारखा पडल्या, दोन साक्षीदार फिरले आणि शेवटी तो माणूस सुटला. त्याच काळात अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला या मालिकेचे पहिले दोन खंड इंग्रजी भाषांतरात मिळाले, आणि उजवीकडून डावीकडे वाचण्याची सवय होण्याआधीच मी त्यांत बुडून गेले. वहीला दोन गोष्टी लागतात, नाव आणि चेहरा. मला नाव ठाऊक होते, आणि प्रत्येक तारखेला पाहून चेहराही पाठ झाला होता. ते नाव मी मनात किती वेळा लिहिले असेल, याची मोजदाद नाही.

त्यामुळे ‘वहीने त्याला बिघडवले’ हा पक्ष मला आतून कळतो. गच्चीवर या पक्षाची माणसे बरीच आहेत आणि त्यांच्या हातात भक्कम पुरावा आहे. कथेच्या मध्यावर लाइट वहीची मालकी सोडतो आणि नियमाप्रमाणे वहीबद्दलच्या त्याच्या सगळ्या आठवणी पुसल्या जातात. त्यानंतरचा लाइट एलच्या बरोबरीने, मनापासून, किराला शोधतो. मिसा आमाने ही मुलगी, जिने अशाच दुसऱ्या एका वहीने माणसे मारलेली असतात, लाइटवर जीव टाकते, तेव्हा तिच्या प्रेमाचा उपयोग करून तिच्याकडून माहिती काढावी असे एल सुचवतो, आणि कोणाच्या भावनांशी असे खेळणे आपल्याला जमणार नाही, असे लाइट त्याला ठामपणे सांगतो. हीच मिसा, हाच लाइट, आणि काही प्रकरणांपूर्वी त्याने तिला हत्यारासारखे वापरलेले असते. ओबाता यांनी या भागात त्याचे डोळेसुद्धा वेगळे काढले आहेत, मोठे आणि मोकळे. लाइटचे वडील सोइचिरो यागामी पोलीस दलातले वरिष्ठ अधिकारी आहेत, आणि कथेत तेही साधारण हेच म्हणतात, की खरी वाईट गोष्ट आहे ती माणसे मारण्याची शक्ती, आणि ती ज्याच्या हाती लागली तो शापित होय.

हा पक्ष मी सोडला तो पहिल्याच प्रकरणामुळे. पहिला माणूस मरतो तो बालवाडीतल्या मुलांना ओलीस धरलेला गुंड. त्याचे नाव लिहिताना लाइटचा वहीवर विश्वासच नसतो. शिवाजीनगर न्यायालयात वकिली करणारा आमचा मित्र म्हणतो, की इथे मारण्याचा उद्देश सिद्ध करणे अवघड आहे, आणि मला ते मान्य आहे. दुसरा माणूस रस्त्यावर एका बाईला छळत असतो. त्याचे नाव लाइटने फक्त ऐकलेले असते, आणि जपानीत एकच उच्चार वेगवेगळ्या चिन्हांनी लिहिता येत असल्यामुळे तो ते नाव निरनिराळ्या चिन्हांनी लिहितो, कारण म्हणून वाहतुकीचा अपघातही नोंदवतो. निव्वळ कुतूहलापोटी माणूस एवढी दक्षता घेत नाही. तरीही इथवर मी त्याला संशयाचा फायदा द्यायला तयार आहे, कारण यानंतर तो मुळापासून हादरतो. आपण दोन माणसे मारली, हा अधिकार आपल्याला कुठून आला, हे त्याच्या मनात येते. आणि मग लगेचच दुसरा विचार सुरू होतो, की जग कुजलेले आहे, कोणीतरी ते साफ केलेच पाहिजे, आणि आपल्याशिवाय ते कोणाला जमणार आहे. वही तिथे एक अक्षर बोलत नाही. ऱ्यूक तर तोवर आलेलाही नसतो. तो पाच दिवसांनी येतो, आणि पानेच्या पाने नावांनी भरलेली पाहून त्यालाच आश्चर्य वाटते. वापरायची नसेल तर वही दुसऱ्या कोणाला देऊन टाक, तुझ्या आठवणी मी पुसून टाकीन, असेही तो सांगतो. लाइटसमोर दार उघडे होते आणि त्याने ते पाहिलेले होते.

म्हणून आठवणी पुसल्यानंतर जो चांगला मुलगा दिसतो, त्याच्याकडे मी आता वेगळ्या तऱ्हेने पाहते. त्याच्याकडून केवळ वही गेलेली नाही; त्या पाच दिवसांत भीतीला गप्प करण्यासाठी त्याने स्वतःला जे उत्तर दिले होते तेही गेले आहे. तो पुन्हा त्या उत्तराच्या अलीकडे येऊन उभा राहिला आहे. आणि याहून वाईट म्हणजे, एलला फसवता यावे म्हणून आपला हा चांगुलपणा उपयोगी पडेल, हे ओळखून ही योजना आखली होती ती लाइटनेच. मिसाच्या प्रेमाचा त्याने जसा वापर केला, तसाच स्वतःच्या निर्मळपणाचाही केला. संपूर्ण कथेत मला सर्वांत दुःखद वाटणारी गोष्ट हीच आहे.

माझ्या मनाला खरी ठेच लागली ती मात्र लिंड एल. टेलरच्या प्रसंगात. एल एका माणसाला स्वतःच्या नावाने दूरचित्रवाणीवर बसवतो आणि त्याच्या तोंडून किराला दुष्ट म्हणवतो. लाइट संतापून त्याचे नाव लिहितो आणि तो मरतो. नंतर कळते, की तो फाशीची शिक्षा झालेला कैदी होता. पण नाव लिहिताना लाइटला हे ठाऊक नव्हते. त्याच्या दृष्टीने समोर होता तो केवळ आपल्याला वाईट म्हणणारा एक माणूस. मृत्यूच्या दारातल्या कैद्याला आमिष म्हणून वापरणारा एल इथे निर्दोष ठरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु दुसऱ्या वाचनात मी त्या पानावर थांबले ते एलमुळे नव्हे. माझ्याही मनातल्या यादीत जीपवाल्याच्या नावाखाली त्या दोन फिरलेल्या साक्षीदारांची नावे केव्हाच आलेली होती, हे मला त्या क्षणी आठवले. त्यांनी कोणाला मारले नव्हते.

मग ऱ्यूक सुटला का, असे मुले विचारतात. अजिबात नाही. करमणूक व्हावी म्हणून ज्याने असे हत्यार रस्त्यावर टाकले, त्याचा अपराध त्याच्याकडेच राहतो. अडचण अशी आहे, की आपण दोषाची वाटणी सातबाऱ्यावरच्या जमिनीसारखी करू पाहतो. एकाच्या नावावर दोन एकर चढले की दुसऱ्याचे तेवढे कमी झालेच पाहिजेत, असे धरून चालतो. ऱ्यूकचा दोष कितीही मोठा मानला, तरी त्याने लाइटच्या दोषातला गुंठाभरही कमी होत नाही.

याचा सर्वांत कठीण नमुना एलच्या मृत्यूत आहे. एलला मारते ती रेम, मिसाशी जोडलेली दुसरी मृत्युदेवता. आपल्याला प्रिय असलेल्या माणसाचे आयुष्य वाढावे म्हणून मृत्युदेवाने कोणाला मारले, तर तो स्वतः नष्ट होतो, असा नियम आहे आणि रेमला तो ठाऊक आहे. लाइट परिस्थितीच अशी रचतो, की एल जिवंत राहिला तर मिसा पकडली जाणार. मग रेम आधी एलचा सहायक वातारी याचे, नंतर एलचे नाव लिहिते आणि राख होते. लाइटने त्या दिवशी एक अक्षरही लिहिलेले नसते. आमच्यातल्या एका आजोबांनी यावर द्रोणवधाची आठवण काढली तेव्हा गच्चीवर सगळे गप्प झाले. शिर उतरवले धृष्टद्युम्नाने, अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला भीमाने, युक्ती श्रीकृष्णाची, आणि ‘नरो वा कुंजरो वा’ म्हटले युधिष्ठिराने. तरी चार बोटे अधांतरी चालणारा युधिष्ठिराचा रथ त्या दिवशी जमिनीला टेकला, आणि धृष्टद्युम्नालाही पुढे अश्वत्थाम्याच्या हातून मरण आलेच.

मराठीच्या तासाला मी फळ्यावर दोन वाक्ये लिहिते, ‘आई बाळाला चालवते’ आणि ‘आजारी आजोबांना आता चालवते’. क्रियापदाचे रूप एकच आहे, पण पहिल्या वाक्यात दुसऱ्याकडून क्रिया करवून घेणे आहे आणि दुसऱ्या वाक्यात स्वतःला ती करता येणे आहे. पहिले प्रयोजक, दुसरे शक्य. ‘मारवणे’ हे रूपही असेच दोन्हीकडे चालते. लाइटने रेमकडून एलला मारवले. आणि त्याच्या वडिलांच्याने मारवले नाही. सोइचिरो यागामी उरलेले अर्धे आयुष्य देऊन मृत्युदेवाचे डोळे घेतात, मेलो या गुन्हेगाराचे खरे नाव त्यांना त्याच्या चेहऱ्यावर दिसते, वही त्यांच्याच हातात असते, आणि तरीही ते नाव त्यांना पूर्ण लिहिता येत नाही. त्यात ते प्राणघातक जखमी होतात. वही माणसाला बिघडवतेच असे म्हणणाऱ्यांनी त्या पानावर थोडा वेळ थांबावे, अशी माझी विनंती असते. शक्ती शापित आहे असे म्हणणाऱ्या त्याच माणसाने ती हातात असूनही वापरली नाही. वहीच्या मालकाचे उरलेले आयुष्य त्या डोळ्यांना दिसत नाही; मृत्युशय्येवर मुलाकडे पाहताना ते दिसते, म्हणून लाइट किरा नाही, असे समजून समाधानाने ते जातात. आणि लाइट त्या अखेरच्या क्षणीही त्यांच्याकडे मेलोचे नाव लिहिण्याचा आग्रह धरतो.

शेवटच्या प्रकरणात मात्सुदा हा पोलीस एक शंका बोलून दाखवतो, की एलच्या जागी येऊन लाइटला पकडणाऱ्या निअर या गुप्तहेरानेही कदाचित वही वापरली असावी. तरुण मंडळींचा हा लाडका विषय आहे. कथेने तो उघडा सोडला आहे, म्हणून मी त्यावर काही उभारत नाही.

हा वाद इतकी वर्षे का संपत नाही, याचे कारण मला त्या वहीतच दिसते. आपल्याकडे चित्रगुप्ताच्या वहीत माणसाची कर्मे लिहिलेली असतात आणि त्यांचा हिशोब कोणीतरी करणार असतो. ऱ्यूकच्या वहीत फार तर नाव, कारण, वेळ आणि मरण कसे यावे याचा तपशील एवढेच असते. अखेरीस लाइट जगण्यासाठी गयावया करतो आणि ऱ्यूक त्याचे नाव लिहून टाकतो, पण तोही न्याय नव्हे. करमणूक संपली एवढेच. कथेच्या नियमाप्रमाणे मेल्यावर सगळी माणसे एकाच ठिकाणी जातात, शून्यात. स्वर्ग नाही, नरक नाही. निअर त्याला निव्वळ खुनी म्हणतो, पण निअर हा पात्रांपैकीच एक. जमाखर्च वाचणाऱ्याकडेच येतो, आणि आम्ही तो आमच्या परीने मांडत बसतो.

एका पात्राच्या बाबतीत मात्र माझे उत्तर तयार नाही, आणि तुम्ही विचारलेत म्हणून तेही सांगितले पाहिजे. मिसाच्या आई-वडिलांना एका चोराने तिच्या डोळ्यांदेखत मारले. खटला रेंगाळला, तो माणूस निर्दोष असावा अशी कुजबुज सुरू झाली, आणि तेवढ्यात किराने त्याला मारले. तिची किरावरची भक्ती या एका गोष्टीतून उगवलेली आहे, आणि तो हेतू मला लाइटच्या कोणत्याही भाषणापेक्षा अधिक खरा वाटतो. पण किराला भेटता यावे म्हणून तिने मारलेल्या माणसांत बातम्या देणारे होते, पोलीस होते, आणि दूरचित्रवाणी केंद्राच्या दारापाशी कोसळलेला उकिता होता. वकील मित्र तिला दोषी ठरवून मोकळा होतो, आणि हेतूचा विचार शिक्षेच्या वेळी करावा, असे म्हणतो. मैत्रीण म्हणते, की तिला एकटीला सोडून सगळे तारखा मोजत बसले, त्यांचे काय? या प्रश्नावर गच्चीवर आजवर दोनदा हात वर करून मत घेतले गेले आहे. दोन्ही वेळा मी हात वर केलेला नाही.