मुंबईतली जुनी इंजिनं: वरळी, मुंबई सेंट्रल, सीएसएमटी आणि नेरळ-माथेरान

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या गाडीला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं जोडली होती. त्यांतलं एकही आज पाहायला मिळत नाही. दिल्लीसारखं सगळं एका आवारात मांडलेलं रेल्वे संग्रहालयही मुंबईत नाही. जे उरलंय ते शहरभर विखुरलेलं आहे, म्हणून आधी क्रम लावायला हवा. दोन दिवस पुरतात, एक शहराचा आणि एक नेरळ-माथेरानचा. दोन्ही कामाच्या वारी ठेवा. सीएसएमटीच्या (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) इमारतीतलं संग्रहालय शनिवार-रविवारी बंद असतं आणि रविवारच्या मेगाब्लॉकने नेरळचं वेळापत्रक कोलमडतं.

शहरातला क्रम उत्तरेकडून दक्षिणेकडे ठेवायचा, कारण सीएसएमटीचं संग्रहालय दुपारीच उघडतं. भुयारी मेट्रो ३ झाल्यापासून हे सोपं झालंय: सायन्स सेंटर, जगन्नाथ शंकरशेट (म्हणजे मुंबई सेंट्रल) आणि सीएसएमटी ही तिन्ही स्थानकं एकाच मार्गावर आहेत. मोबाइलवर तिकीट काढणार असाल तर रस्त्यावर असतानाच काढा, खाली नेटवर्क दगा देतं.

सकाळी दहाला वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र उघडतं. बाहेरच्या बागेत वाफेचं इंजिन आणि ट्राम आहे. लहान मुलं बरोबर असतील तर आतली दालनं आवरायलाच दोन तास जातात. फक्त इंजिनासाठी आला असाल तर अर्धा तास पुष्कळ. मुंबई सेंट्रलला स्थानकाच्या आवारात ‘लिटल रेड हॉर्स’ हे छोटं नॅरोगेज (म्हणजे अरुंद रुळांवरचं) इंजिन आहे. ते पाहायला आत फलाटावर जावं लागत नाही. वर्दळ टाळायची असेल तर सकाळी अकरानंतर या.

सीएसएमटीला मात्र वेळ राखून ठेवा. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी आखलेल्या या इमारतीचं काम १८७८ मध्ये सुरू झालं. २००४ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. संग्रहालयाचं तिकीट काढून आत गेलं की घुमटाखालचा जिना जवळून बघता येतो. दर्शनी भिंतीवरच्या मुखवट्यांत नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय शोधा. समोरून फोटो हवा असेल तर पालिकेच्या मुख्यालयापाशी केलेली गॅलरी सोयीची. सकाळच्या आणि संध्याकाळच्या गर्दीत रस्त्याच्या मध्ये उभं राहण्यात अर्थ नाही.

पी. डिमेलो रस्त्याच्या बाजूला, फलाट १८ जवळ हेरिटेज गल्ली आहे. तिथलं ‘सर लेस्ली विल्सन’ हे १९२८ चं इंजिन विजेचं आहे, वाफेचं नव्हे, म्हणून बरेच जण नुसती नजर टाकून पुढे जातात. तसं करू नका. ३ फेब्रुवारी १९२५ ला देशातली पहिली विजेची गाडी इथूनच कुर्ल्याला सुटली, तिला हिरवा झेंडा दाखवणाऱ्या गव्हर्नरांचं नाव या इंजिनाला दिलंय. घाटात मालगाड्या ओढायला बनवलेल्या या इंजिनाच्या चाकांकडे बघा: मोटारींची ताकद थेट प्रत्येक आसाला (दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याला) न जाता गिअरमधून जोडदांड्यांवर येते आणि दांड्या चाकं फिरवतात. म्हणजे पोटात वीज आणि पाय मात्र वाफेच्या इंजिनाचे. ही घडण समोर असताना दांड्यांचे जोड कुठे आहेत ते नीट पाहून ठेवा, दुसऱ्या दिवशी नेरळला उपयोगी पडेल.

नेरळ-माथेरान ही ६१० मिलिमीटर गेजची (म्हणजे दोन रुळांत एवढंच अंतर असलेली) लाइन १९०७ मध्ये सुरू झाली. ती बांधली आदमजी पीरभॉय यांच्या मुलाने, अब्दुल हुसेन यांनी. अंतर सुमारे २१ किलोमीटर, चढ कमाल वीसास एक, म्हणजे वीस मीटर अंतरात एक मीटर उंची. ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीची ७३८ ते ७४१ ही चार इंजिनं खास या वळणांसाठी घेतली होती. त्यांच्या तिन्ही आसांना ताकद मिळते, तरी पुढचा-मागचा आस वळणावर सरकतो. हे कसं जमतं? त्या आसांवर बाहेरून एक पोकळ नळी असते, मधोमध गोलाकार सांधा असतो; चाकं नळीबरोबर वाकतात आणि आतला दांडा सरळ फिरत राहतो. क्लिएन-लिंडनर आस म्हणतात याला. चौघांपैकी ७४० ब्रिटनला गेलं. गाडीला वाफेच्या इंजिनाचा साज चढवलेलं इंजिन लागलेलं दिसलं तर हुरळून जाऊ नका, आत डिझेलच आहे.

नेरळहून वर जाणाऱ्या गाडीचं आगाऊ आरक्षण नसतं. खिडकी गाडीच्या सुमारे पाऊण तास आधी उघडते, पण रांग त्याच्याही आधी लागते. म्हणून सकाळची कर्जत किंवा खोपोली लोकल पकडा. मेल-एक्स्प्रेसवर विसंबू नका, बहुतेक नेरळला थांबत नाहीत. वर जायला पावणेतीन तासांच्या आसपास लागतात आणि डब्यात शौचालय नाही. पावसाळ्यात, साधारण १५ जूनपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, नेरळ ते अमन लॉज (माथेरानच्या आधीचं स्थानक) हा टप्पा बंद असतो कारण दरडी येतात, माती रुळांवर वाहते. २०१९ च्या पावसात हा टप्पा इतका उखडला होता की पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२२ उजाडला.

पावसाळ्यात गेलात किंवा तिकीट नाही मिळालं, तर नेरळ स्थानकाबाहेरून शेअर टॅक्सीने दस्तुरी नाक्याला या. तिथे माणशी प्रवेश कर भरायचा, सुटे पैसे ठेवा. पुढे मोटारींना बंदी आहे. नाक्याजवळच्या अमन लॉजहून माथेरानपर्यंत शटल धावते. ती चुकली तर रुळांवरून चालत सुटू नका: रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे, आणि या लाइनवर वळणापलीकडून येणारी गाडी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. लाल मातीची पायवाट वेगळी आहे. ट्रायपॉड घरीच ठेवा, फलाटावर तो उभा केला की हटकतात.