वर्गणीच्या वहीतले सहा चौकोन

४ डिसेंबर २०२४, बुधवार. सकाळी साडेआठची पहिली अपॉइंटमेंट. वेल्सची राजधानी कार्डिफ, तिथल्या आमच्या फिजिओथेरपी विभागात माझ्याकडे गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनसाठी नंबर लागलेले पेशंट येतात. ऑपरेशनआधी मांडीत ताकद यावी म्हणून त्यांना तपासून व्यायाम बसवून द्यायचे, हे माझं काम. ज्यांच्याबद्दल लिहितेय त्या बाईंची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे बारीकसारीक तपशील बदलले आहेत.

वय ६८. काठी टेकत आत आल्या, बोलायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. मला वाटलं सर्दी-खोकला असणार, आता ऑपरेशन पुढं जाणार. त्यांनी हातानंच नाही-नाही केलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "काल ओरडले ना. डब्लिन!"

मग माझ्या लक्षात आलं. आदल्या रात्री वेल्सच्या महिला फुटबॉल संघानं डब्लिनमध्ये आयर्लंडला २-१ हरवलं होतं. कार्डिफमधला पहिला सामना १-१ बरोबरीत सुटला होता, म्हणजे एकूण ३-२, आणि वेल्सच्या मुली पहिल्यांदाच एका मोठ्या स्पर्धेत, स्वित्झर्लंडमधल्या २०२५च्या युरोत, म्हणजे युरोपच्या अजिंक्यपद स्पर्धेत, पोचल्या होत्या. पहिला गोल हॅना केनचा, पेनल्टीवर.

"तिचंही एसीएल तुटलं होतं, माहितीये ना तुला?" बाईंनी विचारलं.

माहीत होतं. एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगी बांधून ठेवणारं लिगामेंट. आम्हा फिजिओंना खेळाडू त्यांच्या दुखापतींनीच लक्षात राहतात.

त्यांना टेबलावर झोपवून पँट वर केली, आणि वयानुसार झिजलेला गुडघा म्हणून ज्याच्याकडे बघणार होते तो तसा नव्हताच. आतल्या बाजूला वाटीच्या कडेनं बोटभर लांब, पांढरा पडलेला जुना व्रण होता. दुर्बिणीतून होणारं ऑपरेशन सगळीकडे पोचण्याआधी गुडघा उघडून दोन हाडांमधली फाटलेली गादी अख्खीच्या अख्खी काढून टाकत, तेव्हाचा. गादी गेली की हाडावर हाड घासणार, हे आज आम्हाला शिकवतात. तेव्हा ती काढणं हाच उपाय मानला जाई.

मग एसीएल तपासायची लॅकमन टेस्ट केली. गुडघा जरासा वाकवायचा, एका हातानं मांडी घट्ट धरायची आणि दुसऱ्या हातानं नडगी पुढं ओढायची. लिगामेंट शाबूत असेल तर दोरी ताणल्यासारखा टक्क थांबा हाताला लागतो. इथं नडगी नुसती सरकत आली, थांबा लागलाच नाही. दुसऱ्यांदा करून पाहिलं, तेच. एसीएल नव्हतं. केव्हा तुटलं होतं कुणास ठाऊक, आणि त्याची नोंद फाइलमध्ये कुठंही नव्हती.

"कधी लागलं होतं?" मी विचारलं.

आमच्या पत्रात लिहिलेलं असतं, जुने रिपोर्ट असतील तर बरोबर आणा. त्या उठून बसल्या, पिशवीत हात घातला आणि लाल पुठ्ठ्याची एक बारकी वही काढली. "रिपोर्ट नाहीत. ज्या हॉस्पिटलात दाखवलं होतं त्यांच्याकडं आता एक कागद नाही. हे आहे."

वर्गणीची वही होती ती. डावीकडं नावं, वर आठवड्यांच्या तारखा, मध्ये पेन्सिलनं आखलेले चौकोन आणि त्यात टिकमार्क. मागच्या पानांवर पेट्रोल, मिनीबस, मैदानाचं भाडं, कपडे धुण्याची पावडर. कागद मऊ पडला होता, कडेला चहाचा डाग. बाई काही वर्षं क्लबच्या खजिनदार होत्या, म्हणून वही त्यांच्याकडं राहिली.

क्लब कुठला? पूर्व कार्डिफमध्ये लॅनेडेर्न नावाची वस्ती आहे. (नावाच्या सुरुवातीला दोन एल आहेत. जीभ 'ल'च्या जागी टेकवून कडेनं हवा सोडायची, असा तो वेल्श उच्चार. आपल्या 'ळ'शी त्याचं काही नातं नाही; मला तीन वर्षं लागली.) तिथल्या मुलींनी १९७५ मध्ये मदतनिधीसाठी एक सामना खेळला. एकच खेळायचा होता. पण सोडवेना, म्हणून संघ उभा राहिला: लॅनेडेर्न लेडीज. पुढं नावं बदलत गेली, बरीच वर्षं तो कार्डिफ सिटी लेडीज होता, आणि २०२४ पासून ग्वालिया युनायटेड या नावानं सेमी-प्रोफेशनल संघ आहे.

"म्हणजे कार्डिफ सिटी स्टेडियमवाला संघ," मी म्हणाले.

"नाही!" घसा बसलेला असूनही हे मात्र खणखणीत आलं. "तो पुरुषांच्या क्लबचा महिला संघ, वेल्सच्या लीगमध्ये खेळतो. आम्ही वेगळ्या. आम्ही जुन्या. आमचा क्लब इंग्लंडच्या लीगमध्ये खेळतो." या शहरात राहून माझा हा घोळ होता. तुमचाही झाला असेल तर दुरुस्त करून घ्या, कारण बरीच वर्षं एकाच शहराचं नाव लावणाऱ्या या दोन संघांमध्ये त्या नावापलीकडं फारसं सामाईक नव्हतं, आणि जुन्या बायकांना ते मनाला लागतं.

१९७५ हे साल नीट बघा. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं ५ डिसेंबर १९२१ला बायकांच्या फुटबॉलला आपल्या क्लबांची मैदानं बंद केली. हा खेळ बायकांना योग्य नाही, असं कारण दिलं. त्याच्या आदल्याच वर्षी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, लिव्हरपूलमधल्या गुडिसन पार्कवर बायकांचा सामना बघायला ५३,००० लोक आले होते! वेल्सच्या असोसिएशननं १९२२ मध्ये तीच बंदी आणली आणि ती उठली १९७० मध्ये. म्हणजे लॅनेडेर्नच्या मुली मैदानात उतरल्या तेव्हा बंदी उठून जेमतेम पाच वर्षं झाली होती. त्यांच्या आयांना खेळायला असोसिएशनच्या क्लबांचं मैदान मिळणं शक्य नव्हतं.

ऑक्टोबर १९७९. चिखलाचं मैदान, बाईंचं वय तेवीस. कुणी धक्का दिला नाही की पाय घातला नाही. वळताना बूट चिखलात रुतून राहिला आणि अंग फिरलं. "आवाज आला. कडेला उभ्या असलेल्यांनाही ऐकू गेला." गुडघा संध्याकाळपर्यंत नारळाएवढा झाला. एक्स-रेत हाड शाबूत होतं, म्हणून लचक आहे असं सांगून पट्टी बांधून घरी पाठवलं. त्या शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायच्या. सोमवारी कामावर हजर.

सहा आठवड्यांनी परत खेळायला लागल्या. गुडघा निसटायचा, पट्टी आवळून बांधायच्या. १९८२ मध्ये अडकायला लागला तेव्हा गादी काढली. त्यानंतरही दोन मोसम खेळल्या.

मी इथं थांबले थोडी. सांगलीत शाळेत असताना खो-खो खेळताना माझा घोटा मुरगळला, तेव्हा आईनं हळद लावली आणि बाबांनी दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडं नेलं. माझ्या खेळण्याला घरात किंमत होती. या बाईंच्या खेळण्याची किंमत त्यांच्याशिवाय आणि त्या वहीतल्या नावांशिवाय कुणी धरली होती?

१९९२ ची गोष्ट त्यांनी सांगितली तेव्हा डोळे चमकत होते. लॉरा मॅकअॅलिस्टर, मिशेल अॅडम्स आणि कॅरन जोन्स या खेळाडू वेल्स असोसिएशनच्या सेक्रेटरींना, अॅलन एव्हान्स यांना, भेटायला गेल्या आणि म्हणाल्या, आमचा राष्ट्रीय संघ तुम्ही आपला माना. १९९३ मध्ये मान्यता मिळाली. तोवर वेल्सचा महिला संघ होता, पण असोसिएशनच्या लेखी नव्हता. "आमच्या क्लबातल्या या पोरी," बाई म्हणाल्या. पुढं जेस फिशलॉक याच क्लबात खेळली, आणि वेल्ससाठी शंभर सामने खेळणारी पहिली व्यक्ती ठरली. पुरुषांतही तोवर तेवढं कुणी खेळलं नव्हतं.

मला कॉम्प्युटरवर फॉर्म भरायचा होता. 'खेळाची पातळी' या रकान्यात दोनच पर्याय: हौशी किंवा व्यावसायिक. मी विचारलं, काय लिहू?

"व्यावसायिकला पैसे मिळतात ना?"

"हो."

"आणि हौशी म्हणजे?"

"मिळत नाहीत."

त्या विचारात पडल्या. "आम्ही भरायचो. त्याला काय म्हणतात?"

तो रकाना मी रिकामा सोडला आणि खाली टीप लिहिली. 'रुग्णाचं ध्येय' इथं लोक जिना चढणं, बाजारात जाणं, नातवंडांशी खेळणं असं सांगतात. बाईंनी सांगितलं, मैदानाच्या कडेला नव्वद मिनिटं उभं राहायचंय. बसून मॅच बघता येत नाही म्हणे. तसंच टाइप केलं, आणि त्या हिशेबानं व्यायाम बसवला: आधी भिंतीला टेकून अर्धं बसणं, मग पायरी चढ-उतर, मग एका पायावर तोल.

दुखापतीची तारीख तेवढी राहिली होती. बाईंनी वहीत बोट ठेवलं. त्यांच्या नावापुढं ओळीनं टिकमार्क, मग ऑक्टोबरपासून सहा चौकोन वेगळेच दिसत होते, आणि समासात त्या वेळच्या खजिनदारानं पेन्सिलनं लिहिलेलं एकच अक्षर, गुडघ्यासाठी. पहिल्या नजरेत मला ते चौकोन कोरे वाटले. वही उजेडात धरली तर सहाही चौकोनांत बारीक टिकमार्क होते, वेगळ्या शाईचे, निळ्या. बाकी सगळे काळे.

"हे नंतर भरलेत?"

"परत आले तेव्हा एकदम."

"पण तुम्ही खेळलाच नव्हता ते सहा आठवडे."

"मिनीबस तर गेली होती ना," त्या म्हणाल्या, आणि वही पिशवीत ठेवली.