८०८५ वर स्टेपर मोटर: हिशोब वहीतला, मोटर टेबलावरची

८०८५ हा मायक्रोप्रोसेसर शिकणाऱ्या बहुतेकांच्या वहीचे दोन तुकडे असतात. पुढच्या पानांवर इन्स्ट्रक्शन सेट, मागच्या पानांवर चाळीस पिनांची आकृती, आणि परीक्षा होईपर्यंत दोघांची गाठ पडत नाही. दोन आकडे मिळवून उत्तर मेमरीत ठेवण्याचे प्रोग्रॅम कितीही केले तरी ही गाठ पडणार नाही. त्यापेक्षा ८२५५ या पोर्ट देणाऱ्या चिपमधून एक छोटी स्टेपर मोटर, म्हणजे एकेक पाऊल फिरणारी मोटर, फिरवा. प्रोग्रॅम जेमतेम तीस बाइटांचा आहे, पण त्यात स्टॅक, फ्लॅग, टी-स्टेट (क्लॉकचा एक ठोका), पोर्ट आणि करंट या सगळ्यांशी गाठ पडते.

सामान थोडं आहे: ८२५५ असलेलं कोणतंही ८०८५ किट, यूएलएन२००३ (जास्त करंट पेलणारी ड्रायव्हर आयसी) आणि २८बीवायजे-४८ ही पाच तारांची ५ व्होल्टची मोटर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात हे सहज मिळतं. सुट्या आयसी घेताना पाय नीट बघा. पायांवर जुन्या डागाची (सोल्डरची) चकाकी असेल, तर ती कुठल्यातरी बोर्डावरून उपटलेली आहे.

८२५५ च्या पोर्टला मोटर थेट जोडायची नाही. सीमॉस ८२सी५५ ची एक पिन खात्रीने २.५ मिलिअँपिअर देते, आणि या मोटरच्या एका कॉइलला सुमारे १०० मिलिअँपिअर लागतात. म्हणून मध्ये यूएलएन२००३ हवा. पोर्ट ए च्या पीए० ते पीए३ या पिना यूएलएन२००३ च्या पिन १ ते ४ ला जोडा. पिन ८ म्हणजे ग्राउंड. पिन ९ मोटरच्या धन पुरवठ्याला जोडायची, कारण कॉइल बंद होताना उठणारा व्होल्टेजचा झटका आतल्या डायोडमधून याच पिनेवाटे जिरतो. मोटरला वेगळा ५ व्होल्टचा पुरवठा द्या, पण त्याचा आणि किटचा ग्राउंड एकत्र करा. हा ग्राउंड जोडायचा राहिला की सगळं बरोबर असूनही मोटर ढिम्म राहते, आणि पोरं तासभर प्रोग्रॅम तपासत बसतात.

ब्रेडबोर्डवर स्वतःचा ८२५५ लावणाऱ्यांनी लक्षात ठेवा: त्याचा पुरवठा २६ नंबरच्या पिनेवर आणि ग्राउंड ७ वर आहे. चाळीस पायांची आयसी दिसली की हात सवयीने ४० आणि २० कडे जातो. त्याचा रीसेट (पिन ३५) हाय असताना काम करतो, म्हणून तो ८०८५ च्या रीसेट आउटला, म्हणजे पिन ३ ला जोडायचा.

आता प्रोग्रॅम. इथे पोर्ट ए चा पत्ता ००एच (एच म्हणजे हेक्स) आणि कंट्रोलचा ०३एच धरला आहे, रॅम २०००एच पासून २७एफएफएच पर्यंत. तुमच्या किटचे पत्ते वेगळे असू शकतात, मॅन्युअल उघडून बघाच.

एलएक्सआय एसपी, २७००एच
एमव्हीआय ए, ८०एच
आउट ०३एच
एमव्हीआय बी, ३३एच
पाऊल: एमओव्ही ए, बी
आउट ००एच
आरएलसी
एमओव्ही बी, ए
कॉल थांबा
जेएमपी पाऊल
थांबा: एलएक्सआय डी, ०५००एच
फेरा: डीसीएक्स डी
एमओव्ही ए, ई
ओआरए डी
जेएनझेड फेरा
आरईटी

८०एच या कंट्रोल वर्डने तिन्ही पोर्ट मोड शून्यात आउटपुट होतात. हा शब्द लिहिताच आउटपुट लॅच (पोर्टवर पाठवलेला आकडा धरून ठेवणारे भाग) शून्य होतात, म्हणून प्रोग्रॅमच्या मधोमध तो पुन्हा लिहू नका.

३३एच मध्ये खरी गंमत आहे. डावीकडे फिरवत गेलं की खालच्या चार बिट्समध्ये ३, ६, सी, ९ आणि पुन्हा ३ असा क्रम मिळतो. दर वेळी शेजारच्या दोन कॉइल चालू. मेमरीत टेबल नको, पॉइंटर नको. उलट फिरवायचं असेल तर आरएलसी च्या जागी आरआरसी. वरच्या चार बिट्सवरही तोच नाच चालतो, तेव्हा पीए४ ते पीए७ मोकळे ठेवा.

वेळेचा हिशोब हातानेच करा. क्रिस्टल ६.१४४ मेगाहर्ट्झचा असेल तर आत ३.०७२ मेगाहर्ट्झ चालतं. फेऱ्यात डीसीएक्स ६, एमओव्ही ४, ओआरए ४ आणि उडी घेतलेला जेएनझेड १० टी-स्टेट खातो, एकूण २४. दहा मिलिसेकंदांत ३०,७२० टी-स्टेट होतात, भागिले २४ बरोबर १२८०, म्हणजे नेमके ०५००एच. फेऱ्याबाहेरच्या इन्स्ट्रक्शनचे मिळून सत्तरएक टी-स्टेट होतात, म्हणजे वीस-बावीस मायक्रोसेकंद. इथे ते सोडून दिले तरी चालतात. डीई जोडीतून जास्तीत जास्त ०.५१२ सेकंद मिळतात. त्याहून मोठा विलंब हवा तर बाहेर आणखी एक फेरा लावावा लागेल.

या मोटरच्या आत गिअर आहेत. पूर्ण पावलांनी तिच्या बाहेरच्या दांड्याच्या एका फेरीला सुमारे २०४८ पावलं लागतात, म्हणजे दहा मिलिसेकंदांनी वीस सेकंद. ती फिरते की नाही हेच कळत नाही. दांड्याला कागदाचा झेंडा चिकटवा, किंवा ०५००एच च्या जागी ०१८०एच टाका. मग तीन मिलिसेकंदांचं पाऊल पडतं आणि फेरी सहा सेकंदांत होते. सुरुवात मात्र दहानेच करावी. वेग वाढवून बघणं हा नंतरचा खेळ.

आता मोटर फिरली नाही तर. लक्षणं नीट पाहिली तर रोग बहुतेक वेळा जागेवर सापडतो.

पहिलं पाऊल पडून दांडा सैल झाला, तर बहुधा बी रजिस्टर वाचवण्याच्या नादात नमुना ए मध्येच ठेवला आहे. विलंबाचा फेरा संपतो तेव्हा ए मध्ये शून्य उरतं, आणि शून्य कितीही फिरवलं तरी शून्यच. ए वापरायचाच असेल तर थांबा च्या सुरुवातीला पुश पीएसडब्ल्यू (ए आणि फ्लॅग स्टॅकवर ठेवणं) आणि आरईटी आधी पॉप पीएसडब्ल्यू हवं.

डीसीएक्स नंतर थेट जेएनझेड लिहिण्याची चूक सर्वांत जास्त होते. डीसीएक्स कोणत्याच फ्लॅगला हात लावत नाही, म्हणून झेड फ्लॅग (उत्तर शून्य आल्याची खूण) आधी जो होता तोच राहतो. तो एक असेल तर फेरा एकदाच चालतो, पावलं तीसएक मायक्रोसेकंदांनी पडतात आणि मोटर जागच्या जागी बारीक आवाज करते. शून्य असेल तर प्रोग्रॅम फेऱ्यातच अडकतो, मोटर घट्ट धरून बसते. एकाच चुकीची ही दोन रूपं आहेत. ई आणि डी चा ओआर घेण्याचा खटाटोप याच्यासाठीच.

मोटर थरथरते पण पुढे जात नाही, तर तारांचा क्रम चुकला आहे. एकाच गुंडाळीची दोन टोकं एकत्र चालू झाली की त्यांचा परिणाम एकमेकांना खोडतो. पाच तारांच्या मोटरमध्ये सगळ्या कॉइल लाल तारेला जोडलेल्या असतात, म्हणून मल्टीमीटरवर इतर कोणत्याही दोन तारांमध्ये सारखाच रोध दिसतो. मीटर इथे जोड्या सांगू शकत नाही. नेहमीचा क्रम निळी, गुलाबी, पिवळी, केशरी असा असतो. रंग वेगळे असले तर एक तार जागेवर ठेवा आणि तिच्या समोर, म्हणजे तिसऱ्या जागी, उरलेल्या तिघींना आळीपाळीने बसवा. तीन प्रयत्नांत उत्तर मिळतं.

हेक्स कीपॅडवरून भरताना पत्त्याचा खालचा बाइट आधी जातो. वरचा प्रोग्रॅम २०००एच पासून भरला तर फेरा २०१७एच वर येतो, आणि जेएनझेड फेरा म्हणजे सी२, १७, २०. उलटं भरलं तर प्रोसेसर १७२०एच ला पळतो. मध्ये एखादी इन्स्ट्रक्शन घुसवली की पुढचे सगळे पत्ते सरकतात, म्हणून भरतानाच दोन-चार ठिकाणी ०० सोडून ठेवा. सिम्युलेटरवर हे पत्ते आपोआप बसतात. सोय चांगली आहे, पण पहिल्या चार प्रोग्रॅमांना ती घेऊ नका.

किटऐवजी स्वतःचा बोर्ड बांधणाऱ्यांना आणखी दोन सापळे लागतात. ८०८५ च्या न वापरलेल्या ट्रॅप, होल्ड आणि इंटर या पिना ग्राउंडला, रेडी ५ व्होल्टला. ट्रॅप मोकळा सोडला तर हवेतल्या खरखरीनेही प्रोसेसर ००२४एच वर उडी मारतो, आणि ही इंटरप्ट सॉफ्टवेअरने बंद करता येत नाही. दुसरं, पत्ता पकडायला ७४एलएस३७३ घ्या, ३७४ नको. पत्ता एएलई (पत्ता पकडण्याची खूण देणारी पिन) खाली पडताना पकडायचा असतो, आणि ३७४ तो एएलई वर जातानाच पकडून बसतो.

प्रयोग संपवताना रीसेट दाबा किंवा पोर्ट ए वर ००एच पाठवा. एचएलटी ने प्रोसेसर थांबतो, पण लॅचमधला शेवटचा नमुना तसाच राहतो आणि दोन कॉइल चालूच असतात. दहा मिनिटांनी मोटरला हात लावला तर ती चांगलीच तापलेली असते.