डेमुलमधलं पाळीचं घर

डेमुल, स्पिती (हिमाचल). सप्टेंबर.

कोमिकहून निघालो ते इथे पोचेस्तोवर दुपार कलली. वाटेत झाड म्हणून नाही. नुसता वारा आणि ऊन. धाप लागते ती वेगळीच.

या गावात मुक्कामाचं घर आपण निवडायचं नसतं. पाहुणे पाळीने घरोघर जातात. आज ज्यांची पाळी, त्यांच्याकडे पथारी. हे मला भारी आवडलं. (आमच्याकडे कोकणात पर्यटकाची गाडी दिसली की चौघे पाट्या घेऊन धावतात, ते आठवलं.)

घरातली तरुण मंडळी सातूच्या कापणीला गेलेली. आजी एकट्याच तंदूरपाशी. इथे तंदूर म्हणजे पत्र्याची शेगडी, धुराडं थेट छतातून बाहेर. उजव्या हातात मणिचक्र (आत मंत्र भरलेलं, हाताने फिरवायचं प्रार्थनाचक्र) गरगरतंय, डाव्या हाताने त्या शेणी आत सारतायत आणि तोंडाने नातवाला रागावतायत. तिन्ही एकदम, चक्र एकदाही न थांबता. लोणी घातलेला खारा चहा आला. चहा म्हणून प्यायला तर जड जातो, पातळ आमटी समजलं की उतरतो.

खरं सांगायचं तर ते चक्र बघून आधी कपाळाला आठीच पडली. आमच्या घरी भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब शेजारी शेजारी. आजोबांनी १९५६ साली नागपुरात दीक्षा घेतलेली. बावीस प्रतिज्ञा पाठ करतच आम्ही वाढलो. फिरवून फिरवून पुण्य कसलं मिळतं? परवा ताबोला ९९६ सालचा गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, पाहिला. अंधाऱ्या सभागृहात भिंतींना लागून मातीच्या मूर्ती, मधोमध चार दिशांना तोंड केलेला वैरोचन बुद्ध. डोळे दिपले, पण हात आपसूक जोडले गेले नाहीत.

आणि इथे येऊन 'शांती' सापडली म्हणणाऱ्यांचं तर मला हसूच येतं. स्पितीत जुनी रीत अशी, की घर-शेत सगळं थोरल्याला आणि धाकटे गोंपात लामा व्हायला. बर्फाच्या पाण्यावर पिकणारी एवढीशी जमीन, वाटण्या झाल्या असत्या तर कोणाचंच भागलं नसतं. शहाणपणाची व्यवस्था, मान्य. पण त्या धाकट्या पोराला कोणी विचारलं होतं? बाबासाहेबांनी हाच प्रश्न आधी विचारला असता, असं मला वाटतं.

जेवताना आजींनी विचारलं, "तुम भी बौद्ध? कौन गोंपा?"

म्हटलं, गोंपा नाही, वस्तीत विहार आहे, तिथे वंदना म्हणतो. म्हणून दाखव म्हणाल्या. त्रिसरण म्हटलं, तिन्ही वेळा. त्यांनी कान देऊन ऐकलं.

"बस? इतना छोटा?"

आणि वाटीत आणखी थुकपा (शेवया घातलेलं सूप) ओतला.

उद्या ल्हालुंगला निघायचंय. त्याआधी तासभर कापणीला हात लावीन म्हटलंय; सुनेने विळा द्यायचं कबूल केलंय, पण तिचा माझ्यावर फारसा भरवसा दिसत नाही.