कोयासानच्या मठातला पाहुणचार

जपानमध्ये शाकाहारी माणसाची खरी अडचण मांसाची नसते, माशाची असते, आणि तो मासा ताटात दिसतही नाही. वरवर निव्वळ भाज्यांच्या वाटणाऱ्या रश्शालाही बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनिटो माशाच्या अर्काचा, म्हणजे ‘दाशी’चा आधार असतो. माझी आई चातुर्मास काटेकोरपणे पाळते. त्यामुळे तिला घेऊन जपानला जायचे ठरल्यावर आम्ही सर्वांत आधी कोयासान या बौद्ध मठांच्या डोंगरावरचा मुक्काम पक्का केला आणि बाकीचा प्रवास त्याच्या भोवती बसवला.

वाकायामा प्रांतातले कोयासान हे सुमारे आठशे मीटर उंचीवरचे, शिखरांनी वेढलेले पठार आहे. ओसाकाच्या नाम्बा स्थानकातून नानकाई रेल्वेने गोकुराकुबाशीला उतरले की तिथून केबल कार पाच मिनिटांत डोंगरमाथ्यावर पोहोचवते. 804 साली चीनला गेलेले भिक्षू कुकाई तिथे प्रज्ञा नावाच्या भारतीय पंडिताकडून संस्कृत शिकले, वज्रयान या तांत्रिक बौद्ध पंथाची दीक्षा घेऊन 806 मध्ये परतले आणि 816 साली सम्राट सागा यांनी त्यांना साधनेसाठी हा डोंगर दिला. कुकाईंनी स्थापलेल्या शिंगोन या बौद्ध पंथाच्या या केंद्रात आज 117 मंदिरे आहेत. त्यांपैकी पन्नासएक मंदिरांत यात्रेकरूंना आणि प्रवाशांना मुक्कामाला जागा मिळते. अशा मंदिरनिवासाला ‘शुकुबो’ म्हणतात.

केबल कारच्या स्थानकावरून गावात येणारी बस न्योनिन्दो या ‘स्त्रियांच्या मंदिरा’वरून जाते. पूर्वी स्त्रियांना या पठारावर प्रवेश नव्हता; ही बंदी अधिकृतपणे 1872 मध्ये उठली. दूरवरून चालत आलेल्या स्त्रिया सीमेवरच्या अशाच मंदिरांत थांबत आणि कड्याकड्याच्या पायवाटेने डोंगराला प्रदक्षिणा घालून, आतल्या मंदिरांचे दुरूनच दर्शन घेऊन परतत. सात वाटांवरच्या अशा मंदिरांपैकी आता हे एकच उरले आहे. आम्ही दोघी मुद्दाम तिथे उतरून हात जोडून आलो.

दुपार गारान हे मंदिरसंकुल आणि कोंगोबुजी हे पंथाचे मुख्य मंदिर पाहण्यात गेली. गारानमधला कोन्पोन दाइतो हा शेंदरी रंगाचा भव्य स्तूप जवळजवळ 48 मीटर उंच आहे. आगीत अनेकदा नष्ट झालेली ही वास्तू सध्याच्या रूपात 1937 साली उभी राहिली. आत मध्यभागी महावैरोचन हे शिंगोनचे मुख्य बुद्ध, भोवती चार बुद्ध आणि सोळा खांबांवर रंगवलेले सोळा बोधिसत्त्व आहेत. एरवी पटावर पाहायचे मंडल इथे माणसाला आत शिरून पाहता येते. कोंगोबुजीतली बानर्‍यूतेई ही खडकांची बाग जपानमधली सर्वांत मोठी मानली जाते, पण मला तिच्याहून तिथले स्वयंपाकघर अधिक आवडले. धुराने काळ्या पडलेल्या तुळयांखाली तीन प्रचंड चुली आहेत. त्यांवरच्या भांड्यांत एका वेळी सुमारे दोन हजार माणसांचा भात शिजत असे. तिथल्या एका मोठ्या दालनात सर्वांना बसवून गरम चहा आणि छोटी गोड चकती दिली. खूप चालून दमलेल्या आईला त्या चहाने खरोखर हुशारी आली.

पाच वाजायच्या आत आम्ही आमच्या शुकुबोत पोहोचलो. दारात बूट काढले, सपाता घातल्या आणि खोलीच्या उंबऱ्याशी त्याही काढल्या, कारण तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटयांवर, फक्त मोज्यांनी किंवा अनवाणी चालायचे असते. तरुण भिक्षूने खोली दाखवताना आईला जमिनीवर बसायला होणारा त्रास पाहिला असावा. आम्ही काहीही मागितले नव्हते, तरी जेवणाच्या वेळी तिच्या जागी बसकी खुर्ची होती आणि तिचे पानही त्या उंचीच्या मेजावर मांडलेले होते. मी आभार मानायला लागले, तेव्हा तो किंचित वाकला आणि पुढचे पान आणायला निघून गेला.

जेवण शोजिन र्‍योरी, म्हणजे मठातले सात्त्विक अन्न होते. त्यात मांस-मासे नसतात आणि कांदा-लसूणही वर्ज्य असतो. रश्शाला चव येते ती कोंबू या समुद्री वनस्पतीने आणि सुकवलेल्या शिताके अळंब्यांनी. लाखेच्या तांबड्या चौरंगांवर छोट्या छोट्या वाट्या मांडलेल्या होत्या आणि प्रत्येकीत दोन-तीन घासच होते. गोमादोफू हा तीळ वाटून कुझूच्या कंदाच्या सत्त्वात घोटत शिजवलेला पदार्थ खरवसासारखा लुसलुशीत होता आणि त्यावर वासाबीचा एक कण ठेवलेला होता. कोयादोफू हा थंडीत गोठवून सुकवलेला टोफू. तो रश्शात शिजल्यावर इतका रस पितो की दातांखाली येताच तोंड भरून जाते. आईने प्रत्येक वाटी निरखून पाहिली, चव घेतली आणि म्हणाली, “इथे काही विचारावंच लागत नाही गं.” प्रवासात प्रथमच तिने निर्धास्तपणे पोटभर खाल्ले. जेवून, सामायिक स्नानगृहातल्या कढत पाण्यात अंग शेकून परतलो, तोवर खोलीत गाद्या घातलेल्या होत्या.

पहाटे सूत्रपठण झाल्यावर होम झाला. अग्नीत समिधा पडत होत्या, ढोल घुमत होता आणि भिक्षू जपानी उच्चारांत संस्कृत मंत्र म्हणत होते. हा विधी भारतातून चीनमार्गे इथे आलेला आहे. आईने कोणी न सांगताच हात जोडले.

न्याहारीनंतर ओकुनोइन हे समाध्यांचे वन गाठले. जवळजवळ दोन किलोमीटरच्या या वाटेवर ‘सुगी’ या उंच सूचिपर्णी वृक्षांखाली दोन लाखांहून अधिक समाध्या आहेत. एकमेकांशी वारंवार लढलेले सोळाव्या शतकातले सरदार ताकेदा शिन्गेन आणि उएसुगी केन्शिन यांच्या समाध्या इथे वाटेच्या दोन बाजूंना समोरासमोर आहेत. शेवटी कुकाईंचे समाधिस्थान येते. 835 साली त्यांचा देहान्त झाला नाही, ते ध्यानात बसले आणि अजून बसलेले आहेत, अशी इथली श्रद्धा आहे. म्हणून त्यांना रोज सकाळी सहा आणि साडेदहा वाजता जेवण नेले जाते. अन्न आधी ‘चव घेणाऱ्या जिझो’ला, म्हणजे जिझो या बोधिसत्त्वाच्या मूर्तीला, दाखवतात. मग दोन भिक्षू पांढऱ्या लाकडी पेटीतून ते उचलतात आणि मुख्य भिक्षूच्या मागोमाग समाधिस्थानाकडे नेणारा पूल ओलांडतात. साडेदहाला ती पेटी आमच्या समोरून गेली. तेव्हा आदल्या संध्याकाळचा पाहुणचार मला अधिक नीट कळला. ज्या डोंगरावर बाराशे वर्षांच्या पाहुण्याला रोज वेळेवर पान वाढले जाते, तिथे आईसाठी खुर्ची न मागता येते यात नवल नाही.

ओसाकाहून सकाळी येऊन संध्याकाळी परतणारे पर्यटक पुष्कळ असतात, पण शक्य असेल तर इथे एक रात्र राहावे. संध्याकाळचे जेवण बहुधा साडेपाच-सहालाच वाढतात, म्हणून पाचच्या आत पोहोचायचे आणि दुसऱ्या दिवशी साडेदहापूर्वी ओकुनोइनच्या पुलापाशी उभे राहायचे. पुलाच्या पलीकडे छायाचित्रे काढायला बंदी आहे, तेव्हा कॅमेरा अलीकडेच पिशवीत ठेवावा.